कोहक्याच्या घरामागचा हौद

नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी कारखान्याच्या वॉटर ट्रीटमेंटमध्ये काढली. यंत्रांचं गरम पाणी निववणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये शेवाळ धरू द्यायचं नाही, हे माझं काम. नमुना घ्यायचा, तपासायचा, औषधाची मात्रा ठरवायची, पंप सुरू करायचा. शेवाळ माजलं की पाण्याची वाट चोंदते आणि फोन आमच्याकडे येतो. माझ्या पाळीत असे फोन फारसे आले नाहीत.

रिटायर झाल्यावर सेक्टर सहाचं कारखान्याचं क्वार्टर सोडून आम्ही शहराच्या कडेला, कोहक्यात बांधलेल्या घरात राहायला आलो. घरामागे थोडी मोकळी जागा होती. आमच्या गोंदियाकडे तिला सांदवाडी म्हणतात. तिथे बायकोने हौद बांधून घेतला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, खोली मांडीपर्यंत. तिचं माहेर तलावाच्या काठचं. लग्नानंतरची सगळी वर्षं तिने क्वार्टरमध्ये नळाच्या वेळा सांभाळल्या होत्या. हौद कशाला, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मले पाणी दिसलं पाहिजे." नव्या सिमेंटचा चुना उतरावा म्हणून आम्ही तो तीनदा भरून रिकामा केला. मग ती मार्केटमधून प्लास्टिकच्या पिशवीत अकरा गोल्डफिश घेऊन आली.

पहिल्या उन्हाळ्यातच पाणी हिरवं झालं. आधी पालक धुतलेल्या पाण्यासारखं, मग काठाला केसांसारखे झुबके. मी हौद उपसला, तारेच्या ब्रशने भिंती घासल्या, बोअरचं ताजं पाणी भरलं. आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी ती मासे टबात काढायची आणि पुन्हा सोडायची. पाचव्या वेळी तिने टब आणला नाही.

"रोज रोज त्याहिले कावून हलवता?" ती म्हणाली.

मला आता हा प्रश्न माझ्या कामाचा वाटू लागला होता. लांबी-रुंदी मोजली, पाणी किती लिटर ते काढलं, आणि शेवाळ मारायला दुकानातून मोरचूद आणलं. माशांना बाधणार नाही इतकीच मात्रा धरली, त्यातूनही थोडी कमीच घेतली. निळं पाणी बादलीत कालवून हौदभर फिरवलं. तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

दोन दिवसांत शेवाळ पिवळं पडून तळाला बसलं. मी समाधानात होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मागून हाक मारली. सगळे मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करत होते. पाण्यातला प्राणवायू संपला आहे, हे मला बघताक्षणी कळलं. इतकं शेवाळ एकदम मेलं, तळाला कुजायला लागलं, आणि त्या कुजण्याने तो ओढून घेतला. मोरचुदाची मात्रा बरोबर होती. पुढचा हिशोब मी केलाच नव्हता, कारण कूलिंग टॉवरमध्ये मासे नसतात.

मी बादलीने पाणी उपसून उंचावरून पुन्हा ओतू लागलो, हवा मिसळावी म्हणून. तिने अंगणातल्या ड्रमचं पाणी टबात घेतलं आणि हाताला लागतील ते मासे त्यात टाकले. दुपारपर्यंत तीन उरले.

"तुमी काय टाकलं होतं?"

"मोरचूद. हिशोबानं टाकलं."

"कोनाच्या हिशोबानं?"

मी सगळं समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हनजे शेवाळ एकदम मेलं म्हनून मासे मेले?"

"हो."

"मंग हळूहळू काढा लागत होतं ना."

तिने मेलेले मासे पपईच्या आळ्यात पुरले. त्या आठवड्यात आमचं बोलणं जेवण, औषधं आणि गॅस यापुरतं होतं. मला वाईट वाटलं, पण ते तिला कसं सांगावं हे सुचलं नाही. मी तळाचा गाळ काढला, एवढंच.

त्यानंतर ती रोज सकाळी स्टूल टाकून हौदाजवळ बसू लागली. मला वाटायचं, दुःख करते. ती बघत होती. पंधरा दिवसांनी तिने मला बोलावलं.

"हे पाहा. हिरवं या कोपऱ्यातूनच सुरू होऊन राहिलं."

त्या कोपऱ्याला लागून माझ्या गुलाबांचा वाफा होता. मी त्याला दर पंधरवड्याला खत देत होतो, आणि पाणी दिलं की वाफ्यातलं खताचं पाणी उतारावरून थेट हौदात जात होतं. चार वेळा हौद घासताना मी त्याच वाफ्यात उभा होतो.

दोन विटांची पाळ मी घातली. बाकीचं तिने ठरवलं. माशांना दिवसातून एकदाच खाणं, तेही दोन मिनिटांत संपेल तेवढं. जुन्या दोन घमेल्यांत काळी माती भरून तिने माहेरच्या तलावातून आणलेले कमळाचे कंद लावले आणि घमेली तळाशी ठेवली. "पानं पसरली की खाली ऊन जात नाई," ती म्हणाली. पानं पसरेपर्यंत अर्ध्या हौदावर हिरवी जाळी बांधली. माझ्याकडे एक काम आलं. बांबूच्या टोकाला खराट्याच्या काड्या बांधायच्या, पाण्यात फिरवायच्या, आणि शेवाळ शेवयांसारखं गुंडाळून बाहेर काढायचं. रोज थोडं. सगळं नाही.

दुसऱ्या वर्षी पाण्यातून घमेल्यांचे काठ दिसायला लागले. पाणी काचेसारखं झालं नाही. भिंतींवर मखमलीसारखा हिरवा थर राहिला. मी तो खरवडायला गेलो तेव्हा तिने थांबवलं. मासे तिथेच तोंड लावून खात होते. तिनाचे आता वीसेक झाले होते.

मागच्या पावसाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी ती दीड महिना पुण्याला गेली. फोनवर आधी नातीबद्दल बोलायची, मग हौदाचं विचारायची. एकदा सलग ऊन पडलं आणि झुबके वाढले. मी रोज सकाळी बांबू घेऊन उभा राहायचो, अर्धी बादली काढायचो आणि थांबायचो. कपाटात मोरचुदाची उरलेली पुडी होती. ती मी काढली नाही, फेकलीही नाही.

ती परत आली तेव्हा बॅग ओसरीवर ठेवून सरळ मागे गेली. मी चहा ठेवला. दोन कप घेऊन गेलो तर ती काठावर बसून एक पिकलेलं कमळाचं पान तोडत होती.

"पिकलेली पानं काढली नाई तुमी," ती म्हणाली. "पाण्यात सडतात ते."

मी कप खाली ठेवला आणि दुसऱ्या बाजूची पानं तोडायला बसलो.