ताटातल्या तांदळावरचं नाव

दुबईच्या ‘बर दुबई’ भागात पुरणपोळी हवी असेल तर प्रमोदिनीबाईंना फोन करायचा, हे तिथल्या मराठी घरांना सांगावं लागत नाही. बाईंचा तवा कधी थंड नसतो, आणि जीभही. अशा बाईंच्या एकुलत्या एका मुलाने, अबुधाबीत इंजिनीअर असलेल्या दर्शनने, कॅनडाची फ्रेंच बोलणारी मुलगी पसंत केली. ओडिल तिचं नाव. बाई आधी रुसल्या, मग पोरीने स्वतःच्या हाताने तूप ओतून पोळ्या खाल्लेल्या पाहून विरघळल्या.

अट एकच होती. त्यांच्या घरात सुनेचं नाव बदलतं. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि सासूने निवडलेलं नाव नवऱ्याने अंगठीने त्यात लिहायचं. बाईंचं प्रमोदिनी हे नावही त्यांच्या सासूबाईंनीच दिलेलं. सुनेसाठी त्यांनी ‘समिधा’ ठरवून टाकलं होतं.

ओडिलला मात्र पूर्वज शोधायचं वेड. एका रविवारी तिने बाईंना लॅपटॉपसमोर बसवलं. स्वतःची आई, तिची आई, तिचीही आई, असं करत थेट फ्रान्सहून जहाजाने कॅनडात आलेल्या बाईपर्यंत नावं दाखवली.

“सगळ्याच मेरी?” बाईंनी विचारलं.

“एव्हरीवन, आई! आधी मेरी, मग गॉडमदरचं, म्हणजे चर्चमधल्या मानलेल्या आईचं नाव, मग आपलं. लग्न झालं तरी चर्चच्या नोंदीत माहेरचंच नाव राहतं. म्हणून सापडतात.” तिचं मराठी दर्शनने शिकवलेलं, जमेल तेवढं. “आता तुमचं. आईच्या आईचं नाव काय?”

बाईंना ठाऊक होतं ते एवढंच: आजीचं सासरचं नाव लक्ष्मी. माहेरचं? त्यांनी चिपळूणला मावशीला फोन लावला.

“कुणास ठाऊक गो,” मावशी म्हणाली. “कधी कोणी घेतलंच नाही ते.”

सातासमुद्रापलीकडच्या बायका नावानिशी हजर, आणि जिच्या मांडीवर आपण वाढलो तिचा पत्ता नाही! बाईंना फार वाईट वाटलं. तेव्हापासून ‘समिधा’ त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये लग्न लागलं. ताट पुढे आलं, दर्शनने अंगठी हातात घेतली.

“थांब,” बाई म्हणाल्या. “समिधा खलास. तिचं आहे तेच लिही.”

“अगं, रीत आहे आपली!” त्यांचे यजमान नागेशराव चपापले.

“असू दे. एका पोरीचं नाव पुसण्यात कसला आलाय मोठेपणा?”

काय चाललंय ते दर्शनने ओडिलला समजावलं. तिने जोरात मान हलवली.

“नो, नो! मला नाव हवंय, आई. गॉडमदर देते तसं, माझ्या नावाच्या सोबत. तुमचं द्या.”

“प्रमोदिनी?”

“ते नाही. तुमच्या आईने ठेवलेलं.”

बाई वाकून मुलाच्या कानात काहीतरी बोलल्या. दुबईच्या घरात ते नाव कधी उच्चारलंच गेलं नव्हतं. दर्शनने आईकडे एकदा पाहिलं आणि सावकाश लिहिलं: ओडिल नर्मदा.

भटजींनी ते वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून नव्या नवरीला मोठ्याने हाक मारली, “नर्मदा!”

ओडिल तशीच हसत उभी. आपल्यालाच बोलावताहेत हे तिच्या ध्यानात आलं नाही.

“ओ,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.