मामांचं तिरपं नाव

भूगावच्या साहेबरावांना अक्षरांचं वेड होतं, आणि तेही साधंसुधं नव्हे. माणूस जेवायला बसला की आधी लोणच्याच्या बरणीवरचं लेबल वाचणार आणि 'ह्या क चं पोट कुणी सुजवलं' म्हणून हळहळणार. तरुणपणी पुण्यातल्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले, मग गावात रस्त्याला लागून लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं. आजूबाजूला इमारती उठल्या, शेजाऱ्यांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या. ह्यांनी कॉम्प्युटर घेतला, आणि त्याच्यापुढे दोन वर्षं खपून केलं काय, तर अक्षरांचा एक तिरपा टाइप.

तिरपा म्हणजे नुसता कलवलेला नव्हे हं. तसं म्हणालात तर साहेबराव तुम्हाला चहा पाजतील आणि तासभर सोडणार नाहीत. कॉम्प्युटरनं सरळ अक्षर नुसतं ढकललं की त्याची गोलाई एकीकडे फुगते नि दुसरीकडे रोडावते. म्हणून ह्यांनी एकेक अक्षर चौकटीच्या कागदावर हातानं नव्यानं काढलं. वरची रेघ आडवीच ठेवली, उभ्या रेघा उजवीकडे झुकवल्या आणि प्रत्येकीच्या पायाशी बारीकशी टाच दिली. एकट्या 'ळ'नं त्यांचा अख्खा श्रावण खाल्ला.

वापराच्या बाबतीत तर सोवळं फारच कडक. पुस्तकात कुणाचं पत्र आलं, कुणाच्या मनातलं बोलणं आलं, तर तेवढंच तिरप्यात टाकायचं. सगळं पान तिरपं केलं तर वाचणाऱ्याचे डोळे दुखणार आणि टाइपाची किंमत जाणार. पत्रिकेत तर त्याला एकच जागा, मानाची.

ती जागा निघाली लेकीच्या, किमयाच्या लग्नात. पत्रिकेवर बासष्ट नावं, त्यातली एकसष्ट सरळ. एकच तिरपं, मुलीचे मामा अण्णासाहेब, कासारसाईकर. ह्याहून मोठा मान तो काय, असं साहेबरावांना वाटलं. कुणाला विचारलं? छे, विचारतील ते साहेबराव कसले. हळदकुंकू लावून पत्रिका वाटूनसुद्धा झाल्या.

तिसऱ्या दिवशी अण्णासाहेबांचा बहिणीला, म्हणजे साहेबरावांच्या बायकोला फोन आला. "रंभे, समदी पाव्हणी ताठ उभी हायेत, आन तुज्या भावालाच का लवंडवलाय? पारावर लोक इचारत्यात, मामाला काय झालं म्हून. म्या न्हाई येत लग्नाला." गेल्या साली ते ग्रामपंचायतीला हरले होते. ती जखम अजून ओली होती, त्यात हे मीठ.

रंभाबाईंनी आदळआपट केली नाही. शांतपणे विचारलं, "मामा न्हाई आला तर पोरीला बोहल्यावर कोण आणणार? तुमचा ळ?"

साहेबराव पुटपुटले, "लोकांस्नी मान कळत न्हाई, त्याला मी काय करू?" पण किमया दारात उभी होती. चौथीपर्यंत ती मामाच्याच घरी वाढलेली. त्याच्या खांद्यावर बसून शाळेत गेलेली. ती म्हणाली, "बाबा, मामा आल्याशिवाय मी खोलीतून बाहेर येणार नाही." आणि ती रागानं बोलली नाही, त्यामुळे साहेबराव जागचे उठलेच.

ते दुकानात जाऊन बसले. डोक्यात नामी युक्ती आली होती. नव्या पत्रिकेत मामांना सरळ करायचं आणि आपलं स्वतःचं नाव तिरपं टाकायचं, म्हणजे तो मान होता हे सगळ्यांना कळेल. नाव टाकलं, एक प्रत काढली आणि हातात धरून बघत बसले. सगळे पाहुणे ताठ, आणि मधेच आपण एकटे कललेले. अख्खा मांडव आपल्याकडे बघतोय असं वाटायला लागलं. दोन वर्षं ज्या अक्षरांना पोटच्या पोरासारखं जपलं, त्यांच्यातच आपलं नाव बघून हा पठ्ठ्या ते सरळ करायला निघाला. मग मात्र साहेबराव पुरते खजील झाले.

सकाळी तीच प्रत खिशात घालून, स्कूटर काढून त्यांनी कासारसाई गाठली. अण्णासाहेब ओसरीवर होते. 'या' म्हणाले नाहीत, पण घोंगडी पुढे सरकवली.

"पाव्हणं, चुकलं माजं. तुमाला इचाराया पायजे हुतं." साहेबरावांनी नवी पत्रिका पुढे केली.

अण्णासाहेबांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. "दाजी, ह्यात तुमचंच नाव तिरपं हाय की."

"व्हय."

"मग? कसं वाटतंय?"

"लाज वाटतीया," साहेबराव खरं ते बोलून गेले.

अण्णासाहेब मिशीत हसले. मग हसू आवरून म्हणाले, "आन हे ठावं असून माजं तसं केलं?"

"तवा ठावं न्हवतं." साहेबराव घोंगडीच्या दशा चाचपत राहिले. "दोन वर्सं तेवढंच केलंय मी. घरात त्याच्यापरीस चांगलं कायबी न्हवतं माज्यापाशी. एकाच मानसाला द्यायचं हुतं, ते तुमाला दिलं."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला. मग खिशातून जुनी पत्रिका काढली. रागावलेला माणूस चार दिवस ती खिशात घेऊन हिंडत होता. ती मांडीवर ठेवून त्यांनी आपल्या नावावरनं एकदा बोट फिरवलं.

"नवी वाटू नगा," ते म्हणाले. "आन किमीला सांगा, मामा आदल्या दिशीच येतोय."