उजव्या हातातली कात्री

तिला सगळे टेलरताई म्हणायचे. पुरुषांचे शर्ट आणि कोट शिवणारी बाई बघून नवं गिऱ्हाईक आधी जरा दारातच घुटमळायचं. पण एकदा खांद्यावर तिची टेप पडली की निमूट उभं राहायचं. धंदा बाबांचा. हातही बाबांचाच, फक्त त्यांचा डावा आणि तिचा उजवा.

सुट्टीच्या दिवशी मात्र तिच्या गळ्यात टेपऐवजी कॅमेरा असायचा. कुणीतरी वापरून विकलेला. बॅटरीचं झाकण राहत नव्हतं म्हणून त्याला चिकटपट्टी. लेन्स एकच. तेवढ्यावर ती फोटो क्लबात जायची, आणि तिथे तिची गाठ बॅगवाल्या सरांशी पडायची. सरांच्या पाठीवर सात लेन्सची बॅग, तोंडात आठवीची जाहिरात.

"टेलरताई, ही लेन्स आहे की बाटलीचं बूड?"

"सर, आमच्या बाबांनी एका कात्रीवर जन्म काढला. कोट काही वाईट निघाले नाहीत."

"अहो, कात्री वेगळी, काच वेगळी!"

भारी लेन्स तिलाही हवीच होती, खोटं कशाला बोला. पण कुठे उभं राहायचं हे ज्याला कळत नाही, त्याचं ते न कळणं भारी लेन्समधून जास्तच स्वच्छ दिसतं, असं तिचं मत होतं. सर वर्षाची वर्गणी भरून फोटो सुधारायचं एक ऑनलाइन साधन वापरायचे. त्यात ब्रश फिरवला की विजेची तार गायब, नावडता माणूस गायब. ती त्यातलं फुकटातलं दोनच गोष्टींपुरतं वापरायची. उजेड थोडा वाढवायचा आणि कडा कापायच्या. कडा कापणं तर तिच्या हातचंच.

बाबांचा तो फोटो तिने ते जायच्या चार महिने आधी काढला होता. खिडकीतला उजेड, कापायचं टेबल, दातात दाबलेला खालचा ओठ आणि डाव्या हातात कात्री. लहानपणी शाळेत त्यांचा डावा हात बाकाला बांधून ठेवला होता. पुढे शिवण शिकवणाऱ्या उस्तादाने त्याच हातावर मापाच्या गजाने फटके दिले. "उजव्याने काप, नाहीतर घरी जा!" बाबा घरी गेले, लोहाराकडून डाव्या हाताची कात्री घडवून घेतली आणि त्याच रस्त्यावर, उस्तादाच्या समोरच दुकान टाकलं. सगळा रस्ता त्यांना डावरे मास्तर म्हणायचा. त्यांना ते नाव पदवीसारखं वाटायचं.

तो फोटो तिने क्लबाच्या ऑनलाइन अल्बमात टाकला होता, कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव घालून.

एका दुपारी फोनवर क्लबाच्या प्रदर्शनाचं निमंत्रण आलं. पहिलं बक्षीस: बॅगवाले सर. खाली फोटो, काळापांढरा केलेला. खिडकी, टेबल, दातात ओठ. बाबा.

पण कात्री उजव्या हातात.

तिने डोळे चोळले. मग शर्टाकडे पाहिलं. तिनेच शिवलेला शर्ट, आणि तिने डावीकडे लावलेला खिसा उजव्या छातीवर. कोपऱ्यातल्या नावाच्या जागी टेबलाचं लाकूड गुळगुळीत पसरलेलं.

काज-बटणं करणारी मावशी उंबऱ्याशी बसली होती. तिने मान लांब केली. "अगंबाई, मास्तर! पण हे काय, उजव्या हाताने?"

"बॅगवाल्या सरांनी आरशात दिसतं तसं उलटवलंय, मावशी. ओळखू येऊ नये म्हणून. एका टिचकीचं काम."

"मग बसलीस काय? जा, फोन मार त्याच्या टाळक्यात!"

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. शाळेला जमलं नाही, उस्तादाला जमलं नाही, ते या माणसाने एका टिचकीत केलं होतं. मेलेल्या माणसाचा हात बांधला होता. नुसतं बक्षीस काढून घेऊन तिचं भागणार नव्हतं.

समोर हँगरवर एक कोट लटकत होता. कच्ची शिलाई झालेला. बटणं नाहीत, काजं नाहीत, वरचा खिसा नाही. सरांचा. प्रदर्शनासाठीच शिवायला टाकलेला.

"मावशी, या कोटाची काजं उजव्या बाजूला कर."

"उजव्या? बायकांच्या कपड्यासारखी?"

"आणि वरचा खिसा मी उजवीकडे घेते."

"अगं, कळेल की त्याला!"

"ज्याला फोटोतला खिसा दिसला नाही, त्याला अंगावरचा दिसेल?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं, सुई ओठात धरली आणि हसू गिळलं. "मास्तरांची लेक खरी!"

इतकी सुबक काजं मावशीने कधी केली नव्हती.

कोट तिने समारंभाच्या तासभर आधी दिला, मुद्दामच. सर फोनवर कुणाला तरी नव्या लेन्सचं कौतुक ऐकवत होते. बटणांशी बोटं अडखळली.

"जरा अवघड जातंय हो."

"नवा आहे ना, सर. होईल सवय."

वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. मंचावर परीक्षक बाई, वर्तमानपत्रात तीस वर्षं फोटो काढून निवृत्त झालेल्या. शेजारी बाबांच्या फोटोची भलीमोठी चौकट. सर माइकसमोर: "या वृद्ध कारागिराला मी तासन्‌तास न्याहाळलं. त्याचा हात माझ्याशी बोलू लागला, तेव्हाच मी बटण दाबलं."

टाळ्या थांबल्यावर ती तिसऱ्या रांगेतून उठली. "सर, एक शंका. तुमचा कोट उलटा का?"

सरांनी मान खाली घातली. हात खिशाच्या जागी गेला, तिथे खिसा नव्हता. लोक खुसखुसले.

"अहो, शिवलात तुम्हीच!"

"हो. या फोटोतला शर्ट बघून शिवला. खिसा उजवीकडे, काजं उजवीकडे. म्हटलं, सरांची आवडच तशी असेल."

परीक्षक बाईंनी चष्मा चढवला. फोटो पाहिला, कोट पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. "हा उलटवलेला आहे," त्या म्हणाल्या.

ती पुढे गेली आणि चिकटपट्टीवाला कॅमेरा त्यांच्या हातात दिला. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर मूळ फोटो होता, रंगीत. "कार्डावरून पुसलेला नाही, बाई. तारीखसुद्धा आहे."

"योगायोग!" सर म्हणाले. "दोघांनी एकाच माणसाचा—"

"मग सांगा ना, सर. तासन्‌तास न्याहाळलंत. हा माणूस कुठल्या हाताने कापायचा?"

सरांनी चौकटीकडे पाहिलं. "उजव्या."

"मेल्या!" मागून मावशीचा आवाज आला. "सगळा रस्ता डावरे मास्तर म्हणायचा त्यांना!"

मग जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. परीक्षक बाईंनी चौकटीखालची सरांच्या नावाची पट्टी स्वतःच्या हाताने काढली. सर कोट काढायला लागले. काजं नको त्या बाजूला. एक बटण सुटेना. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ते सोडवून देऊ शकणारी तिथे तीच एक होती.

तिने कॅमेरा परत घेतला, दोन पावलं डावीकडे सरकली, जिथून खिसा आणि चेहरा दोन्ही नीट येत होते, आणि बटण दाबलं.

तो फोटो तिने संध्याकाळी क्लबाच्या अल्बमात टाकला. उजेड वाढवला नाही. कडाही कापल्या नाहीत.