शिऱ्यातला ळ

त्या वसंतात करोनाच्या साथीमुळे अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधली आमची रविवारची मराठी शाळा स्क्रीनवर आली. माझ्या वर्गातल्या मुलांची बोटं तरी अक्षरांना लागावीत म्हणून मी घरोघरी ड्राइव्ह करत गेले आणि प्रत्येक दारात रव्याची पिशवी ठेवून आले. ताटात रवा पसरायचा आणि बोटानं ‘ळ’ गिरवायचा. रस्ते रिकामे होते, काचेवर चेरीच्या पाकळ्या पडत होत्या. दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नातून गाडी चालवतेय असं वाटत होतं.

रविवारी सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर ताटं धरली. एका मुलीच्या हातात मात्र वाटी होती.

“मावशी, आजोबा कुक्ड माय होमवर्क!”

विमानं बंद झाल्यामुळे तिचे आजोबा इथेच अडकले होते. कुणीतरी रवा भेट दिलाय असं समजून त्यांनी त्याचा शिरा केला होता. माझं डोकंच फिरलं.

“अहो काका, पिशवीवर सूचना चिकटवली होती ना मी!”

“होती. पण इंग्रजीत होती,” ते ओशाळून म्हणाले. “मला वाटलं, मराठी शाळेची नसणार.”

ती मुलगी कोमट शिऱ्यात बोटानं ‘ळ’ गिरवत होती, आणि त्यात हळूहळू तूप भरत होतं.