अर्ध्या पाकळीवर सोडलेली लेस

अमेरिकेत श्रूजबरीला आल्यावर वर्क परमिट यायला मला दीड वर्ष लागलं. त्या रिकाम्या दिवसांत शेजारच्या इटालियन आजीबाई मला त्यांच्या चर्चच्या तळघरात घेऊन गेल्या. चर्च बंद होणार होतं, जुन्या वस्तू म्युझियमला जायच्या होत्या, आणि मला भरतकाम येतं हे त्यांना ठाऊक होतं.

टेबलावर पाद्रींचा पांढरा झगा पसरला होता. घेराला वीतभर रुंद लेस, इटलीतल्या कुठल्याशा नन्सच्या कॉन्व्हेंटमधली, फार जुनी. खाली कापड नाहीच. सुईने घातलेले काजाचे टाके एकमेकांना धरून उभे होते. फाटलेल्या जागांना मागून मऊ जाळीचा आधार द्यायचा, एवढंच माझं काम. लेसमध्ये नवा टाका घालायचा नाही, असं म्युझियमच्या बाईंनी बजावलं होतं.

अशी लेस अनेक बायका तुकड्यातुकड्यांनी करत आणि मग जोडत. पण भिंगाखाली एका पाकळीच्या ऐन मध्यात घट्ट टाके संपले आणि सैल, तिरपे सुरू झाले.

"इथे बाई बदलली," मी म्हणाले.

आजीबाई वाकल्या. "पहिली उठली आणि परत आली नाही. माझ्या आईची आत्या अशीच लेस करायची. तिशीत डोळे गेले. मग तिला चाचपून शेंगा सोलायला बसवलं."

तेव्हापासून घरी भर दुपारी, गॅसपाशी उभी असताना, कानामागे दोरा ओढल्याची सरसर ऐकू यायची. एकदा जेवताना मुलगी म्हणाली, "मॉम, व्हॉट आर यू डूइंग?" माझा अंगठा आणि बोट रिकाम्या हवेत टाके घालत होते. घट्ट घट्ट.

शेवटच्या दिवशी त्या पाकळीपाशी आले. त्या दोन बायकांच्या टाक्यांमधला एक टाका सुटला होता. हात थांबला नाही. मी तो घातला. लगेच भिंग धरलं, तर माझा टाका कुठला ते मलाच सापडेना.

म्युझियमच्या बाई झगा न्यायला आल्या. "लेसला सुई लावली नाहीस ना?"

"नाही," मी म्हणाले.

गाडीत बसल्यावर आजीबाईंनी पट्टा लावला.

"टाका घालताना मी पाहिलं," त्या म्हणाल्या.

"मग सांगा ना, कुठला होता?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "टाका घालणारी तू आहेस असं मला वाटलंच नाही."