कटऑफ जितका जास्त

उल्हासनगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो आणि गेली सात वर्षं पीएच.डी. करतो. विषय, मिठाचा स्फटिक. वडिलांच्या आजोबांची खाडीकडे मिठागरं होती, त्यामुळे वडिलांना हे प्रकरण अजून पटलेलं नाही. "आम्ही टोपल्यांनी मीठ काढलं, हा एक खडा धरून बसलाय," असं ते पाहुण्यांसमोर सांगतात.

खरं तर माझ्याकडे अख्खा खडाही नव्हता. खड्यात अणू इतके, की कॉम्प्युटरला झेपत नाहीत. म्हणून अणूंची एक चिमुकली पेटी घ्यायची आणि सगळ्या बाजूंनी तिच्याच प्रती लावायच्या, म्हणजे कडा उरतच नाही. प्रत्येक अणूने किती लांबपर्यंतचे शेजारी मोजायचे, त्या अंतराला कटऑफ म्हणतात. पेटीतून मी सोडियम-क्लोरीनची एक जोडी उपटली होती आणि त्या खड्ड्याची ऊर्जा काढत होतो. खड्डा एक, तर आकडाही एकच यायला हवा. माझा दर वेळी नवा यायचा.

गुरुवारी गाइड मॅडम प्रबंधावर सही करणार होत्या. नाही केली, तर नोंदणीची मुदत संपून सात वर्षं विरघळणार.

आता माझं डोकं कसं चालतं बघा. दर वर्षी मी कॉलेजच्या अ‍ॅडमिशन कमिटीत असतो. कटऑफ जास्त ते कॉलेज भारी, हे हाडात मुरलेलं. आकडा हलला की मी कटऑफ वाढवायचो.

"कटऑफ किती लागला?" वडील विचारायचे.

"वाढवला."

"मग बरं आहे."

दोघंही समाधानी. आकडा मात्र आणखी बिघडायचा.

बुधवारी संध्याकाळी असाच तंद्रीत चिखलोलीला घरी आलो. आमच्या सोसायटीत चार विंग, चारही एका साच्यातल्या. चौथ्या मजल्यावर चपला काढल्या, कुलपात चावी घातली. फिरेना. जोर लावला. दार आतून उघडलं आणि हातात कणकेचा गोळा घेतलेल्या एक बाई समोर.

"सर, ही डी विंग. तुमची बी विंग."

"सॉरी हां."

"गणपतीतपण आला होतात. तेव्हा तर आत येऊन बसलात."

चपला हातात घेऊन जिना उतरताना मी मधल्याच पायरीवर थांबलो. पेटीच्या प्रती म्हणजे खड्ड्याच्याही प्रतीच की. मी कटऑफ इतका ताणला होता, की माझा खड्डा शेजारच्या विंगमधल्या स्वतःलाच परका समजून मोजत होता. कटऑफ पेटीच्या निम्म्याहून कमी ठेवा, हे मॅडमनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

कटऑफ घटवला. आकडा तिसराच आला. आता शेजारी कमी मोजले म्हणून चुकला, की आधी जास्त मोजले म्हणून चुकत होता, तेही कळेना.

गुरुवारी मॅडमना सगळं सांगितलं, डी विंगसकट. त्यांनी माझे सगळे आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहिले.

"मग यातला खरा कोणता?"

"माहीत नाही, मॅडम."

"सात वर्षांत पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलंत. पेटी मोठी करा, आणखी मोठी करा. आकडा हलायचा थांबला की या."

सही केली, पण प्रबंधावर नाही. मुदतवाढीच्या अर्जावर.

घरी वडील वाटच पाहत होते. "कटऑफ?"

"खाली आणला."

"मग लागला का तुझा नंबर?"

"वेटिंग लिस्टमध्ये."

"म्हणजे आहे म्हणायचा," ते म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. मी लॅपटॉप उघडून पेटी दुप्पट केली. मशीन म्हणालं, एकवीस दिवस लागतील. दार नीट लावलंय का बघायला उठलो, आणि जाता जाता आपल्याच दारावरची पाटी वाचून आलो.