महामारी हरली ती दुपार

गेल्या रविवारी दुपारी मी भांडुपला मावशीकडे होते. माझ्याकडे एकच काम होतं... मॅच संपेपर्यंत काकांना टीव्हीसमोरून उठू द्यायचं नाही.

मॅच मयुरीची. मयुरी म्हणजे माझी मावसबहीण, काही वर्षांपासून प्रो रेसलिंग करते. त्या दिवशी मुलुंडच्या एका हॉलमध्ये त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा शो होता, आणि घरी बसून बघायचा तर ऑनलाइन पैसे भरून. रिंगमधलं तिचं नाव ‘महामारी’. ती व्हिलन आहे. लोकांनी तिला शिव्या घालाव्यात, हेच तिचं काम.

तिला जपानमध्ये सहा महिन्यांच्या ट्रेनिंगची संधी आलीय. काका ‘हो’ म्हणाल्याशिवाय ती जाणार नाही, आणि काकांनी तिची एकही मॅच कधी बघितली नव्हती. "एकदा बघा बाबा, मग नाही म्हणा," एवढंच ती म्हणाली होती.

अडचण अशी, की ती हरणार होती. या कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो. मयुरीने तो मला सांगितला होता... कुणाला सांगायचा नाही या अटीवर.

त्यात मावशीने सकाळीच गावी दिरांना फोन करून देवळात नारळ ठेवायला लावला. स्पीकरवर गाऱ्हाणं झालं, म्हणजे मुलीसाठी देवाकडे मागणं. "आमच्या चेडवाक आज येश दी रे म्हाराजा!" इकडून सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं. मीही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आणि ती रिंग मी जवळून बघितलीय. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, वर पातळ फोम. पाठ सपाट टेकवायची, हात पसरायचे, म्हणजे मार एका जागी न बसता विभागला जातो. पण लागतं... निकाल ठरलेला असला तरी जमीन खरीच असते.

मयुरी आली आणि हॉल ओरडायला लागला. स्क्रीनच्या बाजूला चॅटमध्ये शिव्यांचा पाऊस. "मेल्यांनो, तुमच्या घरात आयाबहिणी नाहीत काय?" मावशी टीव्हीला म्हणाली. मी पटकन चॅट बंद केलं. काका म्हणाले, "असू दे. चालू कर." मी चालू केलं.

मग तो क्षण. समोरची मुलगी सगळ्यात वरच्या दोरावरून झेपावली, आणि निघतानाच तिचा पाय सरकला. ती मयुरीपर्यंत पोचणार नव्हती, सरळ डोक्यावर पडणार होती. मयुरी चक्कर आल्यासारखी एक पाऊल पुढे झोकांडली, तिला छातीवर घेतलं आणि स्वतः तिच्याखाली पडली.

हॉलला वाटलं, असंच ठरलं असणार. तिची पाठ टेकलेली, पंचाने मोजलं... एक, दोन, तीन. महामारी हरली.

मावशीच्या डोळ्यांत पाणी. "देवान आयकला नाय गो." शेजारच्या सावंत वहिनी म्हणाल्या, "पुढच्या वेळी जिंकेल हो." काका उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला वाटलं, संपलं जपान.

मयुरी संध्याकाळी घरी आली. ओठ सुजलेला, चालणं जपून. काकांनी तिला बसू दिलं, पाणी पिऊ दिलं. मग विचारलं, "त्या चेडवाचो पाय सरकलो मां?"

मयुरीने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली... मी काही सांगितलं नव्हतं.

"हो बाबा."

"आणि तू फुडे गेलंस."

"मग काय करणार? डोक्यावर पडली असती ती."

काका मावशीकडे वळले. "गाऱ्हाणा तुझा चुकला. कोणाक लागाक नको, असा मागूचा होता."

काकांचे वडील गावच्या दशावतारी नाटकांत राक्षस व्हायचे, हे मला तेव्हा कळलं. "राक्षस मरतलो ह्या सगळ्यांका म्हायत असता," काका म्हणाले. "तरी माणसा बघूक बसतत. राक्षस बरो असलो, तरच राजा राजा दिसता." समोरच्याला तलवार लागली तर त्यांचे वडील आठवडाभर नीट जेवायचे नाहीत म्हणे.



"जपानात भात गावता मां?" काकांनी विचारलं.

काकांच्या तोंडून यापेक्षा मोठी परवानगी निघत नाही. मयुरी हसायला गेली आणि बरगडी धरून बसली.

मी घरच्यांबद्दल इथे सहसा लिहीत नाही. पण अख्ख्या हॉलच्या शिव्या खाताना जिने समोरचीचं डोकं वाचवलं, आणि वाचवलं हे कुणाला दिसूही दिलं नाही... ती माझी बहीण आहे. एवढं एकदा लिहायचं होतं.